मोटर हवा ओढते तेव्हा

(महासंघाच्या मासिक बैठकीत केलेल्या बोलण्याचा मजकूर)



रंगीत माशांचं काम करणाऱ्या आपल्या एका गटातून मागच्या महिन्यात सकाळीच फोन आला. "मॅडम, टाकीचं पाणी दुधावानी दिसतंय. सगळीकडे बारीक बुडबुडे, आणि मोली मरायला लागल्यात." मी समाजकार्य शिकलेली, मोटरीतलं मला काय कळतं! पंप गेला असेल, असं समजून नवा घ्यायला सांगितलं. गटाचे पैसे गेले आणि बुडबुडे तसेच राहिले. चूक माझी, म्हणून आज हा विषय मीच मागून घेतला.

पंप चांगलाच होता. तो टाकीबाहेर, पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवलेला. पाणी ओढणाऱ्या पाइपच्या जोडाला केसाएवढी फट पडली होती. पाणी फेकणाऱ्या पाइपला फट पडली तर पाणी गळतं, आपल्याला दिसतं. पण अशा पंपाच्या ओढणाऱ्या बाजूला फट पडली तर पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते. बाहेरून जोड कोरडा ठणठणीत! म्हणून तिकडे कुणी बघतच नाही. विहिरीवरची मोटर हवा धरते, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. हे तेच.

एरेटरच्या बुडबुड्यांनी मासे मरत नाहीत, मग याच बुडबुड्यांनी का मरतात? कारण पंपात हवा दाबली जाते आणि पाण्यात गरजेपेक्षा जास्त मुरते. ती माशाच्या रक्तात जाते. परांमध्ये, डोळ्यांत फुगे दिसतात. म्हणून असं पाणी दिसलं की पंप बंद करा, एरेटर मात्र चालू ठेवा.

मग शोधायला लागा. आधी पाण्याची पातळी बघा. उन्हाळ्यात पाणी उडून पातळी उतरते, पाइपच्या तोंडाशी भोवरा होतो आणि त्यातून हवा जाते. एअरस्टोन त्या तोंडाजवळ असेल तर लांब सरकवा. हे ठीक असेल तर जोड तपासा. बटण बंद करून, पिन काढून, एका जोडाला ओला कपडा घट्ट गुंडाळा, मग पंप चालू करा. बुडबुडे कमी झाले तर फट तिथेच. नाही झाले तर पुन्हा बंद करून पुढचा जोड. साबणाचा फेस लावून बघू नका, साबण माशांना विष आहे. आमचे आजोबा मोटरीच्या जोडाला शेण लिंपायचे, तेही इथे नको!

आट्याचा जोड असेल तर जुनी टेप काढून नवी टेफ्लॉन टेप आटे फिरतात त्याच दिशेने गुंडाळा. नळी असेल तर कडक झालेलं टोक कापून क्लिप आवळा. चालू करण्याआधी पंपात पाणी भरा, कोरडा फिरला तर सील जळतं. वीज जाऊन आल्यावरही हेच बघा, फुटवॉल गळका असेल तर पाइप रिकामा झालेला असतो.

काचेच्या टाकीतल्या बुडत्या पंपाचं सोपं आहे. टाकी धुतल्यावर त्यात हवा अडकते. पिन काढून पाण्यातच तिरपा करून हलवा, बुडबुडे निघून जातात.

२०२० मध्ये सुरू झालेल्या मत्स्यसंपदा योजनेत परसातल्या युनिटला महिलांसाठी ६० टक्के अनुदान ठेवलं होतं. उरलेले ४० टक्के म्हणजे आपलं कर्ज, आपली बचत. त्या गटाकडे आता एक पंप जास्तीचा पडून आहे, चांगला चालतो. कुणाला हवा असेल तर बैठक संपल्यावर मला भेटा.