दोन युरोंची होडी

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिलाय 'आमची युरोपची सफर'. कारण उघड आहे. २०२३च्या सप्टेंबरमध्ये आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी रोज एक फोटो टाकत होते. ॲमस्टरडॅमचा कालवा, ब्रूजचे हंस, व्हेनिसचे पूल. तुम्ही त्यावर भरभरून अंगठे आणि बदाम टाकलेत. शेवटी कुणीतरी लिहिलं, "आयटीवाल्यांची मजा आहे बुवा!" मी उत्तरादाखल एक हसरा चेहरा पाठवला. आज त्या हसऱ्या चेहऱ्याबद्दल बोलणार आहे. नवऱ्याची परवानगी घेतलीय. तो मागे पंख्याखाली बसलाय.

तर झालं असं. लग्नाला पंधरा वर्षं होणार म्हणून आम्ही फेब्रुवारीतच तिकिटं काढली होती. स्वस्तातली, म्हणजे रद्द केली तर पैसे परत नाहीत अशी. जुलैत विसा आला. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात नवऱ्याला ऑफिसमध्ये एका मीटिंगला बोलावलं, आणि वीस मिनिटांत तो लॅपटॉप परत करून घरी आला. चौदा वर्षं तो तिथे होता. त्याचं काम जुनी सिस्टिम चालू ठेवण्याचं. रात्री दोनला फोन आला की उठायचं, आणि सकाळी बँक उघडायच्या आत सगळं सुरळीत झालेलं असायचं. त्याला सांगितलं गेलं की या टीममधून नवीन काही निर्माण होत नाही.

त्या रात्री आम्ही वही घेऊन बसलो. घराचा हप्ता, मुलाची फी, माझा पगार. तिकिटांचे पैसे तर गेलेच होते. हॉटेलं मात्र रद्द करता येत होती, ती केली आणि होस्टेलं घेतली. आठ जणांची खोली, वर-खाली पलंग, कुलूप आपलं आपण आणायचं. राहणं आणि गावोगावचा प्रवास सोडून दिवसाला दोघांत मिळून ३० युरो, असं ठरलं. युरो तेव्हा नव्वद रुपयांच्या जवळ होता. पाठीवरच्या दोन पिशव्यांत एक किलो भडंग, शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट भरलं. मुलाला इथे सांगलीत आईकडे सोडलं आणि निघालो. नोकरीचं आईलाही सांगितलं नाही. कुणालाच सांगितलं नाही.

ॲमस्टरडॅममध्ये कालव्यातून बोटीची फेरी माणशी पंधरा-वीस युरो. दोघांचा पुरा दिवस त्यात जाणार, म्हणून ती बाद. पण सेंट्रल स्टेशनच्या मागे आय नावाचं रुंद पाणी आहे, त्यावरची फेरीबोट सगळ्यांना फुकट, सायकलीसकट. आम्ही दोन दिवसांत ते पाणी सहा वेळा ओलांडलं. पलीकडे काही काम नव्हतं. आणखी एक सांगते. तिथे पाण्याची छोटी प्लॅस्टिकची बाटली रिकामी झाली की दुकानातल्या मशीनमध्ये टाकायची, १५ सेंट परत मिळतात. एका बाकाखाली अशी बाटली पडली होती. ती उचलावी असं नवऱ्याच्या मनात आलं ते मला कळलं, आणि मला कळलंय हे त्याला कळलं. दोघंही काही न बोलता पुढे गेलो.

पैसे नसले की माणूस बघतो फार. कालव्याकाठची ती उंच चिंचोळी घरं थोडी पुढे झुकलेली असतात आणि माथ्यावर आकडा लावलेली तुळई असते. जिने इतके अरुंद की कपाट त्यावरून वर जात नाही. मग ते दोराने बाहेरून ओढून खिडकीतून आत घ्यायचं, आणि भिंतीला घासू नये म्हणून घरच पुढे झुकतं बांधायचं. ही सगळी जुनी घरं चिखलात ठोकलेल्या लाकडी खांबांवर उभी आहेत. डॅम चौकातल्या राजवाड्याखालीच १३,६५९ खांब आहेत. लाकूड सतत पाण्याखाली राहिलं तर कुजत नाही. पातळी खाली गेली आणि हवा लागली की कुजतं. म्हणून कालव्यातलं पाणी समुद्राच्या ठरवलेल्या शून्याच्या ४० सेंटिमीटर खाली, तिथेच धरून ठेवायचं. झडपा, पंप, रात्रीची पाळी. कुणीतरी रोज ते करत असतं, आणि आपण वरून फोटो काढतो.

ते शून्यही आम्ही पाहिलं. तिथल्या नगरपालिकेच्या इमारतीत, काही पायऱ्या उतरून, पितळी रंगाची एक गुंडी बसवलेली आहे. ती म्हणजे शून्य पातळी, युरोपातल्या अनेक देशांच्या उंचीच्या मोजमापाचा आधार. वरच्या वाटेत काचेचे तीन उंच नळे आहेत. दोनांत समुद्राचं आत्ताचं पाणी वर-खाली होताना दिसतं. तिसरा १९५३च्या महापुराचा, साडेचार मीटरच्याही वर. त्या रात्री नेदरलँड्समध्ये १,८३६ माणसं गेली. नवरा पुण्याचा, तो पुढे चालू लागला. माझे पाय काही हलेनात. आपल्यापैकी प्रत्येकाने पावसाळ्यात सकाळी उठल्यावर पहिला प्रश्न कोणता विचारलाय? "आयर्विनला किती फूट?" चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका. भूगोलाच्या बाईंनी फळ्यावर हॉलंडचा नकाशा काढून समुद्र हटवून केलेल्या जमिनीबद्दल शिकवलं होतं, तेव्हा खिडकीबाहेर पाऊस होता आणि आपलं निम्मं लक्ष शाळा लवकर सुटेल का याकडे होतं. बाई, मार्क तेव्हा कमी पडले होते, पण धडा डोक्यात राहिला.

उट्रेख्टला एकच दिवस गेलो. तिथे कालवा रस्त्याच्या एक मजला खाली आहे आणि पाण्यालगत जुनी तळघरं आहेत. होडीतला माल थेट घराच्या पोटात जायचा. ब्रूजबद्दल मात्र माझं मत तुम्हाला आवडणार नाही. फोटोंत सुंदर दिसतं, आहेही, पण सकाळी दहानंतर सगळ्या गल्ल्यांना चॉकलेटचा वास येतो आणि माणसं एकमेकांच्या पाठीवर चालतात. त्याची गोष्ट मात्र ऐकण्यासारखी आहे. मोठं व्यापारी बंदर होतं. समुद्राकडे जाणारी खाडी गाळाने भरत गेली, जहाजं यायची थांबली, व्यापार अँटवर्पला गेला. शहर गरीब झालं. जुनं पाडून नवं बांधायला पैसा उरला नाही, म्हणून मध्ययुगातलं गाव तसंच राहिलं. मी हे वाचून दाखवलं तर नवरा म्हणाला, "म्हणजे गाळ साचला तरी शेवटी बरं होतं. फक्त चारशे वर्षं थांबायचं." त्या आठवड्यातला त्याचा हा पहिला विनोद. गेंट मला जास्त आवडलं. तिथे पोरंपोरी पाण्यावर पाय सोडून आपापले डबे खात बसतात. आम्ही भडंग काढलं. शेजारच्या मुलीने मूठभर मागून घेतलं आणि दोन मिनिटं नाक पुसत बसली.

मग व्हेनिस. विमान स्वस्तातलं, मुक्काम व्हेनिसमध्ये नाही तर अलीकडे मेस्त्रेला, तिथून लोकल ट्रेनने दहा मिनिटांत समुद्रावरचा लांब पूल ओलांडून आत. आतल्या बोटीचं, म्हणजे तिथल्या बसचं, एक तिकीट साडेनऊ युरो. सबब सगळीकडे पायी. पाण्याला पैसे पडत नाहीत, चौकाचौकांत पिण्याच्या पाण्याचे नळ वाहत असतात. खायला मात्र जपून बसावं लागतं. २०१९ साली आमच्यासारख्याच पाठीवर पिशवी घेतलेल्या एका जर्मन जोडप्याने रिआल्टो पुलाच्या पायरीवर आपल्या छोट्या स्टोव्हवर कॉफी केली, तर ९५० युरो दंड झाला. आमचा महिन्याभराचा खर्च झाला असता तेवढ्यात.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गोंडोल्याच्या धक्क्यावर आम्ही उभे होतो. अर्ध्या तासाचे तेव्हा ८० युरो होते. नवरा म्हणाला, "चल, बसू. पंधरा वर्षांची एकच गोष्ट आहे." मी नको म्हणाले. तो म्हणाला, "अगं, होऊ दे ना." आणि मी म्हणाले, "सध्या कमावतंय कोण?"

हे वाक्य मी या माइकवर म्हणायचं की नाही, याचा आठवडाभर विचार केला. पण ते मी म्हटलं होतं.

तो चालायला लागला. मी मागे. पण व्हेनिसमध्ये रागाने निघून जाता येत नाही. गल्ली वळते, पुन्हा वळते, आणि एकदम पाणी येतं. पूल नाही, काठ नाही, तीन पायऱ्या आणि खाली काळं पाणी. मग त्याच गल्लीतून परत यायचं, आणि गल्ली एवढी अरुंद की समोरच्याला अंग चोरून वाट द्यावी लागते. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा आम्ही दोघं त्या पायऱ्यांवर बसलो. बोललो काही नाही. शेवटची ट्रेन पकडली.

झोप लागली नाही म्हणून पहाटेच पुन्हा आत आलो. ते व्हेनिस आम्ही पाहिलंच नव्हतं. पर्यटक एकही नाही. माणसं हातगाड्या ढकलत दारोदार कचरा गोळा करत होती. पुलाच्या पायऱ्यांवरून गाडी चढवायची, उतरवायची, काठाला आणायची. तिथे कचऱ्याचा पडाव उभा. त्यावरची क्रेन गाडी उचलून पडावात रिकामी करते. मागून भाजीची होडी, सिमेंटच्या गोण्यांची होडी, धुतलेल्या चादरींची होडी. त्या बेटांवर चाकाची मोटार नाही. आगीचा बंब आणि ॲम्ब्युलन्ससुद्धा पाण्यावर. २०१९च्या ऑगस्टात आयर्विनवर ५७ फुटांच्या वर पाणी होतं ना, त्याच वर्षी नोव्हेंबरात या शहरात भरती १८७ सेंटिमीटरपर्यंत चढली होती. दुसऱ्या दिवशी हीच माणसं चिखल काढत असणार.

नवरा बराच वेळ त्या क्रेनकडे बघत होता. मग म्हणाला, "यांना काढलं तर दोन दिवसांत कळेल. मला काढलं हे कळायला त्यांना वर्ष लागेल." रडला नाही. मीच रडले. सॉरी म्हणाले. "हं," म्हणाला. कालचं त्याने अजून पूर्ण माफ केलंय असं मला वाटत नाही, आणि मी तसं विचारलेलंही नाही.

आठ-नऊच्या सुमाराला रिआल्टोच्या बाजाराकडे गेलो. तिथे मोठा कालवा ओलांडायला त्रागेत्तो असतो. जुन्या गोंडोल्यासारखी होडी, पुढे-मागे दोन वल्हवणारे, परक्या माणसाला दोन युरो. गावातली माणसं त्यात उभ्याने जातात, हातात भाजीची पिशवी. आम्ही चार युरो दिले आणि उभे राहिलो. होडी डुलली, मी घाबरून त्याचा शर्ट धरला, पलीकडच्या बाईने हसून आमचा फोटो काढून दिला. दोन मिनिटांत पलीकडचा काठ आला.

तो फोटो मी ग्रुपवर टाकला होता. "गोंडोल्यात राजाराणी!" असं तुम्ही लिहिलंत, एकशे तेवीस बदाम आले. नवऱ्याला नोकरी लागायला त्यानंतर सात महिने गेले. पगार आधीपेक्षा कमी, काम तेच, जुनी सिस्टिम चालू ठेवण्याचं. त्या सात महिन्यांत आपल्या ग्रुपवर आणखी दोघांच्या नोकऱ्या गेल्या होत्या, हे मला काल जेवताना कळलं. तेव्हा तेही हसरे चेहरे टाकत होते.

फोटो स्मरणिकेत छापायला दिलाय. खाली 'गोंडोला' लिहू नका, एवढं संपादकांना सांगितलंय.