नवी नोकरी, नवें गांव आणि घराचें कर्ज



‘घर पहावें बांधून, लग्न पहावें करून’ या म्हणींत दोनच कसोट्या सांगितल्या आहेत. आजच्या नोकरदारापुढें तिसरी उभी असते : नवी नोकरी, नवें गांव व नवें कर्ज हीं तिन्ही एकाच वर्षीं अंगावर घेणें.

समजा, नागपूरचे एक गृहस्थ बारा वर्षांची नोकरी सोडून अधिक पगारावर पुण्यास निघाले आहेत. भाड्यांत पैसा घालविण्यापेक्षां लगेच सदनिका घ्यावी, असें त्यांच्या पत्नीचें मत आहे. पगार वाढला, तेव्हां कर्जही सहज मिळेल, हा दोघांचाही हिशेब. परंतु कर्ज देणाराची दृष्टि निराळी असते. हप्ता वीस वर्षें चालावयाचा. तितका काळ मिळकत चालूं राहील काय, हा त्याचा प्रश्न. म्हणून तो पगारपत्रकें, बँकेचे उतारे व प्राप्तिकराचे कागद मागतो, आणि मागील कर्जफेडीवरून ठरणारा ३०० ते ९०० यांमधील पतगुणांक पाहतो. प्रोबेशन पुरें होईपर्यंत थांबा, असेंही कित्येक ठिकाणीं सांगतात. मात्र त्याच व्यवसायांत, खंड न पडतां नोकरी बदलली असेल तर पूर्वीचा अनुभव उपयोगीं पडतो. यासाठीं नवें नेमणूकपत्र व जुन्या नोकरीचा दाखला जपून ठेवावा.

जुन्या पगारावर कर्ज मंजूर करून घ्या आणि राजीनाम्याची गोष्ट झांकून ठेवा, असें सुचविणारे हितचिंतक भेटतात. त्यांचें ऐकूं नये. रक्कम हातीं देण्यापूर्वीं पुन्हा चौकशी होऊं शकते. मंजुरी रद्द झाली तर विक्रेत्यास दिलेला विसार अडकतो आणि पतही जाते.

आतां आंकडे पाहूं. ४० लाखांच्या घरास रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ८० टक्के, म्हणजे ३२ लाखांपर्यंतच कर्ज मिळूं शकतें. उरलेले ८ लाख, शिवाय मुद्रांकशुल्क व नोंदणीचा खर्च, हे पदरचे. साडेआठ टक्के दरानें वीस वर्षांचा मासिक हप्ता सुमारें २७,८०० रुपये होतो. दर एक टक्क्यानें चढल्यास त्याच मुदतींत तो २९,८०० च्या घरांत जातो. नव्या संसाराची मांडामांड चालूं असतांना हा भार सोसेल काय, हें आधीं पहावें. निदान सहा हप्त्यांइतकी रक्कम निराळी ठेवावी.

परक्या गांवीं बांधकाम करणाराची माहिती नसते. अशा वेळीं २०१६ चा स्थावर संपदा कायदा आधार देतो. प्रकल्पाची नोंद महारेराकडे आहे काय, हें पहावें. नोंदणीकृत करार होण्यापूर्वीं किंमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्याचा त्यास अधिकार नाहीं.

त्या गृहिणीचें म्हणणें सर्वस्वी चुकीचें नाहीं. भाडें परत येत नाहीं हें खरें. पण एक वर्षाच्या भाड्यांत नोकरी मानवते कीं नाहीं, मुलांची शाळा कोठें, पाण्याची सोय कशी, हें सारें कळतें. नोकरी न मानवल्यास भाड्याचें घर महिन्या-दोन महिन्यांच्या सूचनेनें सोडतां येतें. कर्जाचें घर तसें सोडतां येत नाहीं. म्हणून आधीं नोकरींत स्थिर व्हावें, मग घराचा विचार करावा, एवढेंच माझें सांगणें आहे.