कॅप्टन लक्ष्मी सहगल : गणवेश उतरला, लढा थांबला नाही
(बेंगळुरू येथील स्मृतिसभेत केलेले भाषण)



ज्या बेंगळुरूत आज आपण कॉ. लक्ष्मी सहगल यांचे स्मरण करीत आहोत, त्याच शहरात 1996 साली, ब्याऐंशीच्या घरात असताना, जगत्सुंदरी स्पर्धेविरुद्धच्या आंदोलनात त्यांना अटक झाली होती. स्पर्धेला संस्कृतिरक्षकांचाही विरोध होता. परंतु त्यांना स्त्री उंबरठ्याआड हवी होती. लक्ष्मीताईंचा विरोध होता तो स्त्रीला बाजारातील वस्तू बनविणाऱ्या भांडवलाला. हा भेद ध्यानी घेतला म्हणजे त्यांच्या जीवनाचे सूत्र उमगते.

1938 साली मद्रासला डॉक्टर झालेली ही तरुणी सिंगापूरला गेली आणि तेथील गरीब हिंदी मजुरांवर उपचार करू लागली. 1943 साली सुभाषबाबूंच्या हाकेला ओ देऊन तिने झाशी राणी पलटणीचे नेतृत्व पत्करले. आझाद हिंद सरकारात ती मंत्री झाली. त्या पलटणीत मलायाच्या रबरमळ्यांतील मजूर कुटुंबांच्या कितीतरी मुली होत्या. ज्यांच्या हाती जन्मभर मळ्यातील चाकूच यायचा, त्यांनी बंदूक उचलली. मराठी कुळातील लक्ष्मीबाईच्या नावाला याहून मोठा मान कोणता?

स्वातंत्र्यानंतर त्या सेनेचे जगन्नाथराव भोसले, शाहनवाज खान लोकसभेत गेले, सत्ताधारी पक्षात मान पावले. लक्ष्मीताईंनी कानपूरच्या कामगारवस्तीतील गोरगरिबांची शुश्रूषा स्वीकारली. 1971 साली बांगलादेशच्या निर्वासितांची सेवा करताना त्यांचा मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाशी संबंध दृढ झाला. 1981 साली अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेच्या स्थापनेत त्या अग्रभागी होत्या. 1984 च्या शीखविरोधी दंगलीत त्या स्वतः रस्त्यावर उतरल्या आणि त्याच वर्षी भोपाळच्या वायुपीडितांसाठी वैद्यकीय पथक घेऊन गेल्या.

2002 साली डाव्या पक्षांनी त्यांना राष्ट्रपतिपदासाठी उभे केले. देशभरच्या खासदार-आमदारांपुढे कौल होता; पराभव अटळ होता. 1,07,366 मूल्याची मते त्यांना मिळाली, तर डॉ. कलाम यांना 9,22,884. मग ही लढत कशासाठी? गुजरातच्या हत्याकांडाला काहीच महिने लोटले होते. अशा वेळी धर्मनिरपेक्षतेच्या बाजूने कोणीतरी उभे राहिलेच पाहिजे, हे सांगण्यासाठी. शिपाई केवळ जिंकण्याची खात्री असलेल्याच लढाईला जात नसतो.

23 जुलै 2012 रोजी, वयाच्या 97व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. देह त्यांनी वैद्यकीय शिक्षणासाठी अर्पण केला.

आज सैनिकांच्या नावाने द्वेषाचा व्यापार चालतो. त्याला आपले उत्तर हे की, या सैनिकाच्या देशभक्तीत हिंदू, मुसलमान, शीख असा भेद नव्हता. तिचे देशप्रेम दवाखान्याच्या दारातील रांगेपर्यंत पोहोचले होते. वस्तीत, गिरणीत, मळ्यात ते काम पुढे नेणे हीच खरी आदरांजली.

कॉ. कॅप्टन लक्ष्मी सहगल यांना लाल सलाम!