शनिवारवाड्यातला खजिनाशोध

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



शिबिरात आपण भाषणे ऐकतो, गटचर्चा करतो, गाणी म्हणतो. खेळ मात्र वेळ उरला तरच. आज मी एका खेळाविषयीच बोलणार आहे. आमच्या गटातल्या अठराजणींनी पुण्याच्या शनिवारवाड्यात मोबाइलच्या जीपीएसवर खजिनाशोध खेळून पाहिला. वाडा कुणालाच नवा नव्हता. शाळेची सहल, आलेले पाहुणे, पटांगणातल्या सभा, या ना त्या निमित्ताने प्रत्येकीने तो पाहिलेला होता. पण कुणीतरी नेले म्हणून, नाहीतर कुणाला तरी दाखवायचा म्हणून.

हा खेळ मूळचा अमेरिकेतला. जीपीएसचे उपग्रह तिथल्या लष्कराचे. सामान्य लोकांना मिळणाऱ्या संदेशांत पूर्वी मुद्दाम चूक मिसळली जाई, त्यामुळे जागा शंभर मीटरपर्यंत चुकायची. २ मे २००० रोजी हे बंद झाले. दुसऱ्याच दिवशी ऑरेगन राज्यात एकाने रानात बादली लपवली आणि तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. तिथून हा खेळ जगभर गेला.

आम्ही काही लपवले नाही. वाडा संरक्षित स्मारक आहे, आणि गर्दीत बेवारस डबा ठेवणे म्हणजे पोलिसांना बोलावणेच. म्हणून आमच्या चिठ्ठ्यांवर आकडे होते आणि जागेवर जाऊनच उत्तर सापडेल असा एकेक प्रश्न. पहिली चिठ्ठी होती १८.५१९ उत्तर, ७३.८५५ पूर्व. दशांशानंतर तीन आकडे असले की माणूस वाड्यापर्यंत पोचते. नेमका दरवाजा गाठायला पाच आकडे लागतात. चार-पाच जणींत एक मोबाइल, आणि तो जिला सगळ्यांत कमी सवय तिच्या हातात, हा आमचा नियम. घरी मोबाइलला हात लावायचा तर मुलाला विचारणारी एक काकू त्या दिवशी चौघींना वाट दाखवत होती.

१८२८ च्या आगीत आतले महाल जळाले. उरले तट, दरवाजे आणि जोती. आम्ही प्रश्न दरवाजांवरच काढले होते. दिल्ली दरवाजाचे खिळे सगळ्यांना माहीत असतात. मस्तानी दरवाजापाशी प्रश्न होता, याचे दुसरे नाव काय? अलीबहाद्दर दरवाजा. हा मस्तानीचा नातू. दक्षिणेकडच्या जांभूळ दरवाजातून वाड्यातल्या दासी-बटकी ये-जा करीत, असे सांगतात. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तेव्हापासून त्याला नारायण दरवाजाही म्हणू लागले. एक मैत्रीण म्हणाली, "त्या बायका रोज इथून जायच्या, त्यांतल्या एकीचं तरी नाव आपल्याला ठाऊक आहे का?" ते चिठ्ठीवर नव्हते. त्या दरवाजापाशी आम्ही अर्धा तास बसलो.

शेवटची चिठ्ठी वाड्याबाहेर, बुधवार पेठेत नेणारी होती. मोकळ्या पटांगणात जीपीएस नीट चालते. उंच भिंतींच्या गल्लीत संदेश भिंतींवर आपटून येतात आणि मोबाइलवरचा ठिपका भरकटतो. तिथे माणसांना विचारावे लागले. आकडे होते भिडे वाड्याचे. सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी १८४८ साली मुलींची शाळा काढली ती इथे. जुना वाडा डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी पाडण्यात आला. आकडे तेच, पण खेळायला उशिरा आलेल्यांना ती इमारत दिसणार नाही.

आता खेळातून निघालेली खरी गोष्ट सांगते. आम्ही दिल्ली दरवाजात असतानाच एकीला घरून फोन आला. "शनिवारवाड्यात काय करतेयस?" तिने कुणाला सांगितले नव्हते. तिचा ठावठिकाणा नवऱ्याच्या मोबाइलवर दिसत होता. ती म्हणाली, "ते उपग्रह सगळं सांगतात."

तर बायांनो, उपग्रह काहीच सांगत नाहीत. ते सुमारे वीस हजार किलोमीटर उंचीवरून आपली वेळ आणि जागा प्रक्षेपित करीत राहतात, रेडिओ केंद्रासारखे. मोबाइल किमान चार उपग्रहांचे ऐकतो आणि आपण कुठे आहोत याचा हिशेब स्वतः करतो. आकाशवाणीला कळते का, तुम्ही गाणे ऐकताय म्हणून? बातमी बाहेर जाते ती मोबाइलमधून, आणि तिथे कुणीतरी तशी सोय करून ठेवलेली असते म्हणून. गूगल मॅपमध्ये आपल्या खात्याच्या चित्रावर बोट ठेवले की 'लोकेशन शेअरिंग' दिसते. तिथे कुणाकुणाची नावे आहेत ते बघा. मोबाइल दुसऱ्याने घेऊन दिला असेल आणि खात्याचा पासवर्डही त्याच्याकडे असेल, तर तोही एक रस्ता आहे.

पण हिंसा सोसणाऱ्या बाईला "आत्ता बंद कर" असे घाईने सांगू नका. ठिपका अचानक नाहीसा झाला की घरी संशय येतो आणि मार वाढू शकतो. आधी ती कुठे जाणार, सोबत कोण, कागदपत्रे कुठे, हे ठरवा. सल्ला केंद्रात येताना तिने तो मोबाइल नेहमीच्या ठिकाणी, शेजारणीकडे किंवा कामावर ठेवून येणे कधी कधी जास्त सुरक्षित असते.

हे सगळे व्याख्यानात सांगितले असते तर अर्ध्याजणी पेंगल्या असत्या. खेळताना प्रत्येकीने मोबाइल हाताळला, आकडे वाचले, ठिपका हलताना पाहिला. बाई बाहेर पडली की "काय काम आहे?" असे विचारले जाते. त्या दिवशी आम्ही काही काम नसताना चार तास हिंडलो, हेही थोडे नाही.

आपापल्या गावी करून पाहा. किल्ला, घाट, जुना बाजार, काहीही चालेल. नकाशा आदल्या दिवशी उतरवून घ्या, मग इंटरनेट लागत नाही. आठ चिठ्ठ्या पुरेत, आणि त्यांतली एक तरी गावातल्या म्हाताऱ्या बाईला विचारून लिहा.