चिप कशावर बसवायची?

आज मी कर्जाच्या हप्त्यांवर बोलणार नाही, त्यामुळे काहीजणींना हायसं वाटेल. आज बोलायचंय ते बोटाच्या पेराएवढ्या एका वस्तूबद्दल. पुस्तकात तिला सॉकेट म्हणतात, दुकानात गेलात की 'आयसी बेस' म्हणून मागायची. सर्किटमधली काळी चिप ज्यावर बसते, ती ही बैठक. मी बी.ए. झाले ते मराठी घेऊन, तेव्हा हे सगळं मीही हात भाजूनच शिकले आहे.

आमच्या गटातल्या सातजणी टाकी भरली की वाजणारा बझर बनवतात. त्यात आठ पायांची ५५५ नावाची चिप असते. ती १९७२ साली बाजारात आली आणि अजूनही शिकणारीच्या हातात बहुधा पहिली तीच पडते. मागच्या वर्षी पहिला पाऊस पडून गेला आणि एका काकूंकडचा बझर वाजलाच नाही. मोटर चालू राहिली, टाकी सांडली, पाणी मागच्या पडवीत शिरलं आणि पेरणीसाठी ठेवलेलं भाताचं बियाणं भिजलं. काकू काही बोलल्या नाहीत. त्यांचे यजमान मात्र चार माणसांत म्हणाले, "बायकांनी आपले पापडच लाटावेत."

दुसऱ्या दिवशी आम्ही पेटी उघडली. चिप चांगली होती, तारा चांगल्या होत्या. आमच्यातल्या एका वहिनींनी चिप अंगठ्याने जराशी दाबली आणि बझर ठणाणा वाजला. अंगठा काढला की बंद. म्हणजे दोष बेसचा होता. मग आठवलं, हा तोच बोर्ड होता ज्यावर आम्ही आणलेली प्रत्येक चिप लावून तपासत होतो. चाळीस-पन्नास चिपा त्यात आत-बाहेर झाल्या, आणि शेवटी एक नग कमी पडला म्हणून तोच बोर्ड आम्ही विकला. चूक आमचीच.

स्वस्त बेसच्या प्रत्येक भोकात पत्र्याच्या दोन पातळ पट्ट्या असतात. चिपचा पाय त्या दोन्हीकडून धरतात, कपड्याच्या चिमट्यासारखं. चिमटा सारखा ताणला की सैल पडतो, तसंच इथेही होतं. त्यात आपल्याकडची दमट हवा. पट्टीवर सहसा कथलाचा मुलामा असतो, पकड सैल झाली की त्यावर मळ धरतो आणि वीज धड पोचत नाही.

दुसरा प्रकार गोल पिनचा. भोकं गोल आणि आत चार बोटांची बारीक स्प्रिंग, बहुतेकदा सोन्याचा मुलामा दिलेली. ती चिपचा पाय चारही बाजूंनी घट्ट धरते. किंमत साध्या बेसच्या तिप्पट-चौपट, कधी त्याहूनही जास्त. दुकानदार "तेच ते" म्हणून साधा हातात देतो, तेव्हा भोकं गोल आहेत का ते बघूनच पैसे द्या. मात्र गोल भोकात जाड तार किंवा चौकोनी पिन कोंबू नका, आतली बोटं पसरली की परत आवळत नाहीत. तिसरा झिफ सॉकेट, त्याला दांडी असते. दांडी उचलली की पकड सुटते, पाडली की आवळते. तो महाग, पण चिपा तपासायला त्याच्यासारखा नाही. आम्ही एकच घेतला, तपासणीच्या बोर्डावर लावला, आणि तो बोर्ड आता विकायचा नाही असं वहीत लिहून ठेवलंय.

तुम्ही विचाराल, ५५५ मुळात काही रुपयांची, मग बेसवर खर्च कशाला? शिकताना बेस हवाच. चिप उलटी लागते, डाग देताना फार तापते. आणि एकदा डाग दिलेली चिप काढायची म्हणजे आठ पाय सोडवताना बोर्डावरची तांब्याची रेघ उखडते. तो बोर्ड मग गेलाच. पण बाहेर भिंतीवर टांगायच्या, दमट जागेतल्या नगाला माझं मत वेगळं आहे. चिप आधी झिफवर तपासा आणि सरळ बोर्डावर डाग देऊन टाका. बेस नाही, तर सैल व्हायलाही काही नाही. गटात यावर वाद झाला. काहीजणी म्हणाल्या, दुरुस्तीला सोपं जावं म्हणून गोल पिनचा बेस लावू. महागड्या किंवा प्रोग्रॅम भरलेल्या चिपेसाठी मलाही तेच पटतं.

घेताना पाय मोजा आणि रुंदीही बघा. शेजारच्या दोन पायांत २.५४ मिलिमीटर अंतर असतं, ते ठरलेलं. आठ, चौदा, सोळा पायांच्या नेहमीच्या चिपांच्या दोन रांगांत ७.६२ मिलिमीटर. पण २८ पायांच्या चिपा अरुंदही मिळतात आणि १५.२४ मिलिमीटर रुंदही. आमच्या एका मुलीने नुसते पाय मोजून रुंद बेस आणला आणि एसटीचं भाडं फुकट गेलं. तेव्हा चिप सोबत घेऊनच दुकानात जा.

बसवताना बेस रिकामाच ठेवून डाग द्या, चिप नंतर. आधी समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांना डाग द्यायचा, बेस सपाट बसलाय का बघायचं, मग बाकीचे. बेसच्या एका टोकाला खाच असते, चिपलाही असते. दोन्ही खाचा एकाच बाजूला आल्या पाहिजेत. नव्या चिपेचे पाय फाकलेले असतात. ती आडवी धरून एकेक रांग टेबलावर हलकेच दाबली की पाय सरळ होतात. काढताना नखाने एका बाजूने उचकटू नका, पाय वाकतात. बारीक पेचकस आधी एका टोकाखाली, मग दुसऱ्या टोकाखाली, असं थोडं थोडं उचला.

काकूंना आम्ही नवा बोर्ड बिनपैशाने बसवून दिला आणि बियाण्याचे पैसे गटाच्या नफ्यातून दिले. त्यांचे यजमान पैसे घ्यायला तयार नव्हते, काकूंनी मात्र मोजून घेतले. तुमच्याकडे आमचा जुना बझर असेल तर येत्या गुरुवारी बैठकीला घेऊन या. उघडून बेस बघू, सैल असेल तर तिथेच बदलून देऊ. पेटी पुसून आणा, आत पाली घर करतात.