वाहनावरची रेघ : एका हस्तकलेचा श्रीगणेशा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या व्यासपीठावर संतवाङ्मय, नाट्यसंगीत आणि इतिहास यांवर विद्वानांनी भाषणे करावीत, तेथे उभे राहून मोटारसायकलच्या टाकीवरील एका रेघेविषयी बोलणे अनेकांस धाडसाचे वाटेल. पण या विषयाला चेन्नईइतके योग्य शहर दुसरे नाही. शहराच्या उत्तर टोकाला तिरुवोट्टियूर आहे. मूळ इंग्लंडातील रॉयल एन्फील्ड कंपनी आणि येथील मद्रास मोटर्स यांनी मिळून १९५५ साली एन्फील्ड इंडियाची स्थापना केली आणि तिरुवोट्टियूरच्या कारखान्यातून बुलेट गाड्या बाहेर पडू लागल्या. इंग्लंडातील मूळ उत्पादन १९७० च्या सुमारास थांबले. येथील चालू राहिले. त्या गाडीच्या टाकीवरील सोनेरी रेघ कुंचल्याने, हाताने ओढण्याची चालही येथेच टिकली. २०२३ मध्ये आलेल्या नव्या बुलेटच्या काही रंगांतही ती रेघ हाताचीच आहे.

या कलेस इंग्लंडात 'लायनिंग' म्हणतात, अमेरिकेत 'पिनस्ट्रायपिंग'. तिचा उगम घोडागाड्यांच्या कारखान्यांत झाला. चाकांचे आरे, कमानी आणि दारांच्या कडा यांवर बारीक रेघा ओढण्याची तेथे प्रथा होती. एकाच रंगाचा मोठा पृष्ठभाग जड आणि मुका दिसतो. त्याच्या कडेने एक बारीक रेघ गेली की नजरेला वाट मिळते आणि वस्तूचा आकार उठून दिसतो. मोटारी आल्या तेव्हा ही रीत त्यांच्याकडे वारसाहक्काने आली; फोर्डच्या १९२७ ते १९३१ या काळातील 'मॉडेल ए' गाडीवरही अशा रेघा होत्या. पुढे कारखान्यांचा वेग वाढला, तशी रेघ मागे पडली. तिला नवा जन्म मिळाला तो १९५० च्या दशकात कॅलिफोर्नियात. जुन्या गाड्या सजवून पळवणाऱ्या तरुणांमध्ये केनेथ हॉवर्ड (१९२९–१९९२) नावाचा, पाट्या रंगविणाऱ्या बापाचा मुलगा 'व्हॉन डच' या नावाने प्रसिद्धीस आला. ज्वाळांसारख्या वळणांच्या, डावी-उजवी बाजू तंतोतंत जुळणाऱ्या त्याच्या आकृत्यांनी एक संप्रदायच निर्माण केला.

आज या कलेकडे वळणारा तरुण बहुधा याच आकृत्या पाहून वळतो आणि पहिल्याच दिवशी तसे काही काढू पाहतो. येथेच त्याची फसगत होते. माझ्या सांगण्याचा मुख्य मुद्दा हाच की, या विद्येचा श्रीगणेशा सरळ रेघेने करावा. आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होते. मोडी लिहिणारा कारकून आधी बोरूने कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शिरोरेषा ओढून घेई आणि मग तिच्याखाली अक्षरे लिहीत जाई. तंजावरच्या सरस्वती महालात मराठ्यांच्या कारभाराची मोडी कागदपत्रे आहेत. हा संदर्भ तामिळनाडूत राहणाऱ्या आपणां मराठी माणसांना परका नाही. आधी रेघ, मग अक्षर. कुंचल्याचीही शिस्त तीच.

आता साधनांविषयी. या कामाचा कुंचला निराळाच असतो. त्याची मूठ आखूड आणि केस सुमारे दोन इंच लांब असतात. ते तलवारीच्या पात्यासारखे तिरपे कापलेले असतात, म्हणून त्यास 'सोर्ड स्ट्रायपर' म्हणतात. हे केस परंपरेने खारीचे असतात. केस इतके लांब का, हे समजले की निम्मी कला समजली. त्यांच्या पोटात पुष्कळ रंग मावतो, त्यामुळे मध्ये न थांबता लांब रेघ ओढता येते. शिवाय केस हाताच्या मागून शेपटासारखे फरफटत येतात. हाताचा बारीक कंप त्या लांबीत विरतो आणि टोकापर्यंत पोहोचत नाही. साध्या चित्रकारी कुंचल्याचे केस आखूड असल्याने प्रत्येक थरथर कागदावर उमटते. नवशिक्याने शून्य-शून्य क्रमांकाचा एकच कुंचला घ्यावा. पाच घेऊन हात सुधारत नाही. कृत्रिम केसांचे कुंचलेही चालतात. मात्र मुंगसाच्या केसांचा कुंचला कोणी देऊ केला तर घेऊ नये. त्याचा व्यापार आपल्या देशात कायद्याने बंद आहे.

रंग तेलातला एनॅमल असावा. तो सावकाश वाळतो, हे त्याचे वैगुण्य नसून गुण आहे. ओढलेली रेघ वाळण्यापूर्वी स्वतःच सपाट होते आणि केसांचे ओरखडे बुजतात. या कामासाठी खास बनवलेले परदेशी एनॅमल मिळतात, पण सरावाला बाजारातील साधा सिंथेटिक एनॅमल पुरतो. कुंचला रंगात बुडवून तसाच पृष्ठभागावर टेकवायचा नसतो. गुळगुळीत पुठ्ठ्यावर किंवा मासिकाच्या चकचकीत पानावर तो पुढे-मागे फिरवून केसांत रंग सारखा भिनवायचा आणि पात्याचा आकार आणायचा. रंग घट्ट असेल तर कुंचला अडतो आणि रेघ तुटते. पातळ असेल तर रेघ फुगते आणि ओघळते. अशा वेळी टर्पेंटाइनचा एखादा थेंब घालून पुन्हा पुठ्ठ्यावर पाहावे. हे प्रमाण तोंडी सांगता येत नाही. भाकरीचे पीठ किती सैल हवे हे जसे हाताला कळते, तसे हे कळते.

पहिले दोन-तीन महिने कोणत्याही वाहनास हात लावू नये. खिडकीची जुनी काच घ्यावी, तिच्या धारेवर चिकटपट्टी लावावी आणि खाली रेघांचा कागद ठेवावा. काचेतून दिसणाऱ्या रेघांवर कुंचला चालवावा, पुसावे आणि पुन्हा चालवावा. कुंचला अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरावा. उरलेली बोटे काचेवर टेकून घसरती ठेवावीत. तीच हाताची घोडी. मनगट वळवू नये. हात खांद्यापासून न्यावा, रेघ लांब असेल तर पावले टाकून सारे शरीर न्यावे. केसांची बरीचशी लांबी पृष्ठभागावर आडवी टेकलेली हवी. दाब वाढला की रेघ जाड होते, म्हणून दाब आरंभापासून शेवटपर्यंत सारखा ठेवणे हीच खरी कसोटी. आणि नजर कुंचल्याच्या टोकावर न ठेवता ते जेथे जायचे आहे तेथे, थोडी पुढे ठेवावी. सायकल शिकताना चाकाकडे पाहणारा पोर पडतो. हेही तसेच आहे.

येथील भगिनींना ही गोष्ट माझ्याहून अधिक कळेल. रांगोळीची चिमूट आणि तामिळ दारातील कोलमची चिमूट एकच नियम पाळते : बोटांतून पडणारी भुकटी आणि हाताचा वेग यांचा मेळ बसला तरच रेघ एकसारखी पडते. हात रेंगाळला की जाड, घाईत गेला की तुटक. ज्या घरात रांगोळी काढली जाते, त्या घरातील मुलगा वा मुलगी या कलेत अगदीच नवखी नसते.

सरळ रेघ साधली की समांतर रेघ घ्यावी, मग वळण. वळणावर कुंचला अंगठा आणि तर्जनी यांत हळूहळू फिरवावा, म्हणजे पात्याची धार वळणाबरोबर वळते. रंग संपत आला की रेघ निमुळती करून कुंचला उचलावा आणि पुन्हा भरून थोडे मागून, त्याच रेघेवरून पुढे जावे. सांधा दिसू नये. यानंतर जुना मडगार्ड किंवा भंगारातील टाकी घ्यावी. पृष्ठभागावर मेण किंवा बोटांचा तेलकटपणा राहिला तर रंग धरत नाही, म्हणून तो आधी नीट पुसावा. वाटल्यास रेघेपासून थोड्या अंतरावर समांतर चिकटपट्टी लावून तिच्या कडेला बोट टेकावे; ती केवळ वाटाड्या आहे. चूक झाली तर रंग ओला असतानाच टर्पेंटाइनच्या किंचित ओलसर फडक्याने रेघ पुसता येते. इतकी क्षमाशील कला विरळाच. रेघेवर पुढे पारदर्शक लेप द्यायचा असेल तर भंगाराच्या पत्र्यावर आधी पाहावे, कारण काही लेपांखाली एनॅमल सुरकुततो.

काम संपल्यावर कुंचला टर्पेंटाइनमध्ये स्वच्छ धुवावा, न वाळणारे हलके तेल केसांना लावून पात्याचा आकार द्यावा आणि आडवा ठेवावा. जवसाचे तेल नको, ते वाळून केस घट्ट करते. काम नेहमी मोकळ्या हवेत करावे. आपल्याकडे २०१६ च्या नियमांनी घरगुती आणि सजावटीच्या रंगांतील शिशावर दशलक्षास ९० भाग अशी मर्यादा घातली आणि ती नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. औद्योगिक रंग तिच्या बाहेर राहिले. म्हणून डब्यावरील मजकूर वाचावा आणि रंग लागलेल्या बोटांनी काही खाऊ नये.

येथवर मी जे सांगितले ते पुस्तकातूनही मिळेल. परंतु रंग किती पातळ, दाब किती, वेग किती, ही तीन उत्तरे कोणत्याही पुस्तकात सापडत नाहीत. ती जुन्या रंगाऱ्यांच्या हातात आहेत. संगणकावर कापलेली व्हिनाइलची चिकटपट्टी आणि फ्लेक्स आल्यापासून या मंडळींचे काम ओसरत गेले. चिकटपट्टी स्वस्त आहे, झटपट आहे, तिची रुंदी कोठेही बदलत नाही. तिला दोष देण्यात अर्थ नाही. ज्याला पोट भरायचे आहे त्याने केवळ या कलेच्या भरवशावर राहावे असेही मी म्हणणार नाही. पण पट्टीची कड कालांतराने उचलते, तिच्याखाली धूळ शिरते आणि मग ती सोलून टाकावी लागते. हाताची रेघ रंगाबरोबर जुनी होते. फिकी पडली तर तिच्यावरून तसाच हात पुन्हा फिरवता येतो, मात्र असा हात त्या वेळी शिल्लक असला पाहिजे.

म्हणून आपणांस एक विनंती करतो. आपणांपैकी कित्येकांच्या घरी जुनी स्कूटर, बुलेट किंवा वडिलांची सायकल असेल. ती आपल्या पेठेतील एखाद्या वृद्ध रंगाऱ्याकडे न्या, तो मागेल तो मोबदला घासाघीस न करता द्या, आणि घरातील एखाद्या मुलास त्याच्या शेजारी तासभर बसवा. त्याने काही विचारले नाही तरी चालेल, फक्त हाताकडे पाहावे. मग घरी येऊन काच पुसावी आणि पहिली रेघ ओढावी. ती वाकडी येईल. शंभरावी कमी वाकडी येईल. मंडळाने सुटीत अशा वर्गास एक खोली आणि दहा काचा दिल्या, तर सुवर्णमहोत्सवाचे ते एक उपयुक्त स्मारक होईल, असे मला वाटते.