विमेदाराच्या हृदयाचा डॉक्टर



वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले, तेव्हा कामगार चळवळीचा इतिहास ऐकावा अशी त्यांची इच्छा असावी. इतिहास आम्ही सांगू. पण एका रोकड्या प्रश्नाच्या अनुषंगाने सांगू. सरकारी विम्याचे कार्ड खिशात असलेल्या माणसाच्या छातीत कळ आली, तर ते कार्ड मानणारा हृदयरोगतज्ज्ञ त्याला कोठे आणि किती वेळात भेटेल? आम्ही डॉक्टर नाही. परंतु युनियनच्या कचेरीत पगाराच्या तक्रारींखालोखाल हाच प्रश्न घेऊन माणसे येतात.

हे कार्ड आले कोठून ते आधी पाहू. प्रा. बी. पी. अडारकर यांनी कामगारांच्या आरोग्यविम्याचा अहवाल १९४४ साली सरकारला सादर केला. १९४८ साली कामगार राज्य विम्याचा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर येथे पंडित नेहरूंच्या हस्ते योजनेचा प्रारंभ झाला. १ जुलै २०१९ पासून वर्गणीचे दर असे ठरले की, शंभर रुपये वेतनामागे कामगाराने पाऊण रुपया द्यावा आणि मालकाने सव्वातीन रुपये. आता मालकाचे सव्वातीन रुपये तरी कोणाच्या घामातून येतात? तेव्हा हे कार्ड कोणाची मेहेरबानी नव्हे. त्याची किंमत आपण दरमहा आगाऊ मोजलेली आहे.

ज्यांना हा विमा नाही, अशा शेतमजुरांसाठी, घरकाम करणाऱ्या बायांसाठी आणि हातगाडीवाल्यांसाठी महाराष्ट्रात दुसरी योजना आहे. ती २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली. २०१७ साली तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले आणि पुढे केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी तिची सांगड घातली गेली. २०२३ च्या शासननिर्णयाने तिचे संरक्षण कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत वाढविण्याचे आणि सर्व शिधापत्रिकाधारकांना तिच्यात घेण्याचे ठरले. कागदावर पाहिले तर गरिबाच्या हृदयाची सोय झाली आहे. प्रश्न आहे तो कागद आणि खाट यांमधल्या अंतराचा.

लोक आम्हांला विचारतात, "कार्ड घेणारा हृदयाचा डॉक्टर कोणता?" येथेच पहिली गफलत होते. या योजनांचा करार रुग्णालयाशी असतो, डॉक्टरशी नसतो. एकच तज्ज्ञ सकाळी यादीतल्या रुग्णालयात कार्डावर रोगी तपासतो आणि संध्याकाळी स्वतःच्या दवाखान्यात रोख पैसे घेतो. त्यात बेकायदेशीर काही नाही. शिवाय रुग्णालय यादीत असले, तरी त्याचा प्रत्येक विभाग यादीत असतोच असे नाही. हाडांचा विभाग असेल आणि हृदयाचा नसेल. म्हणून तीन प्रश्न विचारावेत. रुग्णालय यादीत आहे काय? त्याचा हृदयविभाग यादीत आहे काय? आणि तेथील कॅथलॅब रात्री-अपरात्री आणि सुटीच्या दिवशीही चालते काय?

तिसरा प्रश्न महत्त्वाचा का, ते सांगतो. झटका येतो तेव्हा हृदयाला रक्त पुरविणाऱ्या नळीत गुठळी अडकते आणि पुढचा स्नायू मिनिटामिनिटाने मरू लागतो. मोठ्या झटक्यात रोगी रुग्णालयात पोचल्यापासून नव्वद मिनिटांच्या आत फुग्याने नळी उघडावी, असा डॉक्टरांचा दंडक आहे. ते जमण्याजोगे नसेल, तर गुठळी विरघळविणारे इंजेक्शन होईल तितक्या लवकर द्यावे लागते. मेलेला स्नायू पुन्हा जिवंत होत नाही.

आमचे एक सभासद फिटर होते. दुसऱ्या पाळीत त्यांच्या छातीत दुखू लागले. सोबत्यांनी रिक्षात घातले. पहिल्या रुग्णालयात "हे कार्ड येथे चालत नाही" म्हणून सांगितले. दुसऱ्याच्या दारावर योजनेची पाटी होती, पण हृदयविभाग योजनेत नव्हता. तिसऱ्याने घेतले, तोवर अडीच तास गेले होते. गृहस्थ वाचले, पण हृदयाची ताकद निम्म्यावर आली आणि वीस वर्षांचा कसबी माणूस फाटकावर नोंदवही घेऊन बसला. कार्ड तिन्ही ठिकाणी एकच होते.

असे दारोदार फिरविणे कायद्याला मान्य नाही. १९९२ साली पश्चिम बंगालमध्ये हकीम शेख नावाचा शेतमजूर आगगाडीतून पडला. डोक्याला मार लागलेला, आणि एकामागून एक सरकारी रुग्णालये त्याला परत पाठवीत होती. शेवटी खाजगी रुग्णालयात पैसे भरून त्याच्यावर उपचार झाले. त्याची शेतमजूर समिती सर्वोच्च न्यायालयात गेली. १९९६ साली न्यायालयाने निकाल दिला की, सरकारी रुग्णालयाने तातडीचे उपचार वेळेवर न देणे म्हणजे जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग होय. आणि त्याला पंचवीस हजार रुपये भरपाई देवविली. हा निकाल एका संघटनेने मिळविला, ही गोष्ट ध्यानात असू द्यावी.

आता दुसरी बाजूही पाहू. खाजगी रुग्णालये म्हणतात, योजनेचे दर अपुरे आहेत आणि बिले महिनोन्महिने थकतात. बिले थकतात ही तक्रार खरी आहे, आणि ती वेळेवर चुकती व्हावीत ही मागणी आपलीही असली पाहिजे. कारण थकलेल्या बिलाचा राग शेवटी रोग्यावरच निघतो. परंतु दराचे रडगाणे तपासून घ्यावे. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने स्टेंटच्या किमतीला मर्यादा घातली. औषध लावलेल्या स्टेंटला २९,६०० रुपये आणि साध्याला ७,२६०, असे भाव ठरले. त्याआधी औषधाच्या स्टेंटसाठी रोग्याकडून लाखाच्या वर रक्कम घेतली जात असे. त्यानंतरही स्टेंट बसविणे काही बंद पडले नाही.

मग आपण करावे काय? कामगार विम्याच्या माणसाने दुखणे साधे असतानाच आपल्या दवाखान्यातून तज्ज्ञाकडची चिठ्ठी घ्यावी. पण झटक्याच्या वेळी चिठ्ठीसाठी थांबू नये, कारण तातडीच्या प्रसंगी जवळच्या रुग्णालयात जाण्याची मुभा आहे. फुले योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. कार्ड आणि शिधापत्रिका त्याच्यापुढे ठेवावी. अडल्यास १५५३८८ या क्रमांकावर विचारावे. रुग्णवाहिकेसाठी १०८. धर्मादाय रुग्णालयांना निर्धन रोग्यांसाठी शेकडा दहा आणि दुर्बल घटकांसाठी आणखी दहा खाटा राखाव्या लागतात, आणि तातडीच्या रोग्याला अनामत रकमेसाठी अडविता येत नाही, हेही प्रत्येकाला पाठ असावे.

मात्र ही सारी खटपट छातीत कळ आल्यावर एकट्या बायकोने किंवा मुलाने करावी, ही अपेक्षाच क्रूर आहे. म्हणून आमची सूचना अशी: प्रत्येक युनियनने, तालीम मंडळाने आणि वाचनालयाने आपल्या गावापुरती एक यादी करावी. कोणत्या रुग्णालयाचा हृदयविभाग कोणत्या योजनेत आहे, कॅथलॅब केव्हा चालते आणि फोन कोण उचलतो, हे स्वतः जाऊन विचारावे आणि दर तीन महिन्यांनी पुन्हा विचारावे. कारण रुग्णालये यादीत येतात आणि जातात. त्या यादीत आपल्या जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयाचे नाव नसेल, तर सार्वजनिक कॅथलॅबची मागणी घेऊन आपण सर्वांनी मिळून जावे. त्या मोर्च्यात युनियनचा झेंडा असेलच. दुकानदार, शिक्षक आणि पेन्शनरांनीही यावे, कारण छातीत कळ येताना ती कोणाचा धंदा विचारून येत नाही.

यादीची पहिली वही आम्ही सोबत आणली आहे. ती या वाचनालयाच्या चिटणीसांकडे देतो. ज्याला ठाऊक असेल त्याने तिच्यात भर घालावी आणि जेथे चुकले असेल तेथे दुरुस्त करावे.